हॉलो बॉडी (पोकळ अंगाचा) बास गिटार घ्यायचाय, मदत हवी आहे

मंडळी, हॉफनर ५००/१ व्हायोलिन बास, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतला तोच प्रकार, मनात पक्का बसलाय. सध्या ३४ इंच स्केलचा (म्हणजे तारेची वाजणारी लांबी) सॉलिड बास वाजवतो, पहिल्या फ्रेटपाशी करंगळी फार ताणते, ह्याचा स्केल ३० इंच म्हणजे हाताला आराम पडेल. पण बॉडी एवढी हलकी म्हटल्यावर उभं राहून वाजवताना नेक खाली झुकते का? आणि ड्रमरसोबत आवाज वाढवला की पूर्ण पोकळ बॉडी फीडबॅक देणार (स्पीकरचा आवाज परत शिरून घुमणार), मग मधोमध लाकडी ब्लॉक असलेला हॉफनरचाच कंटेम्पररी मॉडेल घेऊ का, पण त्यात तो जुना गोल, धप्पकन येऊन विरणारा सूर राहतो का, मला तर तोच हवाय! फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत) तारा लावणारच आहे. दोन्ही वाजवलेल्यांनी प्लीज सांगा.