२ टीबीच्या डिस्कवर संगणक १.८१ टीबी दाखवतो : हिशेब समजून घेण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी असलेल्या आमच्या गावच्या वाचनालयाचे जुने दप्तर, म्हणजे सभासदांच्या नोंदवह्या, सभांची इतिवृत्ते आणि काही हस्तलिखित बाडे, स्कॅन करून ठेवण्याचे काम आम्ही चार-पाच जणांनी हाती घेतले आहे. २०१९ च्या महापुरात खालच्या फडताळांतले दप्तर भिजून त्याचा लगदा झाला. जे उरले आहे ते पुढच्या पुराआधी दुसऱ्या रूपात जपले जावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. खरेदीचा हिशेब कार्यकारी मंडळापुढे मलाच मांडायचा असल्यामुळे अर्धवट समजुतीवर काही लिहायचे नाही, असे ठरवले आहे.

आम्ही सांगलीतल्या एका दुकानातून २ टीबीची, म्हणजे २ टेराबाइटची, बाह्य हार्ड डिस्क घेतली. वेष्टनावर २ टीबी छापलेले आहे, पण विंडोज १.८१ टीबी दाखवते. दुकानदारांना विचारले, तेव्हा फॉरमॅट करताना एवढी जागा जातेच, असे त्यांनी सांगितले. हे उत्तर मला पटलेले नाही, कारण प्रॉपर्टीजच्या खिडकीत त्याच ओळीवर बाइटमध्ये दिलेला आकडा २०,००,००,००,००,००० पेक्षा, म्हणजे दोन लाख कोटींपेक्षा, किंचित जास्तच आहे. बाइट पुरेपूर भरतात आणि टीबी मात्र कमी पडतात, हे कसे?

माझी तयारी कुठवर आहे तेही सांगतो. आठ बिटांचा एक बाइट, हे मला ठाऊक आहे. खात्री करण्यासाठी नोटपॅडमध्ये फक्त ‘सांगली’ हा शब्द लिहून फाइल जतन केली, तर तिचा आकार १८ बाइट निघाला. स, काना, अनुस्वार, ग, ल आणि वेलांटी अशी सहा चिन्हे आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, असा तो हिशेब जुळला. त्यापुढे मात्र गाडे अडते. कुठे १,००० बाइटांचा किलोबाइट सांगितलेला असतो, तर कुठे १,०२४ बाइटांचा.

या फरकाने आमचे काम प्रत्यक्षात अडले आहे. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या दराने रंगीत स्कॅन केले, तर २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेल होतात आणि प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले की एका पानाला २,६०,९९,५२० बाइट लागतात. दप्तराची मोजदाद केली तेव्हा पाने ८२,००० भरली. पटीला १,०२४ धरून मी काढलेल्या हिशेबाने डिस्कवर ८४,००० हून अधिक पाने मावायला हवीत. पटीला १,००० धरले तर सुमारे ७६,६०० पानांवरच डिस्क भरते. यांतले खरे माप कोणते, आणि जडवस्तू नोंदवहीत डिस्कची क्षमता कशी लिहावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी साताऱ्यात संगणकाचे वर्ग घेतो आणि हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. आपली फसवणूक झालेली नाही. मात्र दुकानदारांनी दिलेले कारणही बरोबर नाही. फॉरमॅट करताना जागा जाते ती अगदी थोडी.

डिस्क बनवणारे दशमान माप वापरतात : त्यांचा एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज त्याच बाइटांना १,०२४ ने चार वेळा (किलो, मेगा, गिगा, टेरा अशा चार पायऱ्यांनी) भागते आणि उत्तरापुढे पुन्हा टीबी हीच अक्षरे लिहिते. दोन लाख कोटींना असे भागून पाहा, १.८१९ उरतात. पूर्वी बाजारात कच्चा शेर आणि पक्का शेर अशी दोन मापे असत, पण निदान त्यांची नावे तरी वेगळी होती. इथे नाव एकच राहिल्याने घोटाळा झाला आहे. तो वरच्या एककांत वाढतही जातो : किलोबाइटला २.४ टक्के असलेला फरक गिगाबाइटला ७ टक्क्यांपुढे जातो आणि टेराबाइटला जवळपास १० टक्के होतो.

१,०२४ हा आकडा येतो दोनाचा दहावा घात म्हणून. मेमरीची रचना दोनाच्या घातांवर असल्यामुळे रॅमसाठी, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीसाठी, तो सोयीचाच आहे. इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनने १९९८ साली या मापाला किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी स्वतंत्र नावे दिली, पण विंडोजने ती स्वीकारली नाहीत. ॲपलच्या मॅकने २००९ पासून दशमान आकडे दाखवायला सुरुवात केली, त्यामुळे हीच डिस्क तिथे जोडली तर २ टीबी दिसेल. जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत तर दोन्ही मापांची सरमिसळ होती : १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट. ते ‘एमबी’ धड या मापाचे नव्हते, धड त्या मापाचे नव्हते.

म्हणून आपल्या कामासाठी ७६,६०० पानांचा आकडा धरावा. ज्या पानांवर केवळ काळी शाई आहे ती करड्या छटांत स्कॅन केल्यास एका पिक्सेलला एकच बाइट लागतो आणि जागा एक तृतीयांशावर येते. शिक्के किंवा लाल शाई असलेली पाने मात्र रंगीतच ठेवावीत. मूळ प्रत टिफ या फाइल प्रकारात, माहिती न गमावता फाइल लहान करणाऱ्या एलझेडडब्ल्यू संकोचनाने जतन करावी. जेपेग वाचकांना देण्याच्या प्रतीपुरते ठीक आहे.

प्रतिसाद २

प्रत इंटरनेटवरही चढवणार असाल, तर आणखी एक काळजी घ्यावी. १०० एमबीपीएसच्या जोडणीतले एमबी म्हणजे मेगाबिट. म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट. रोमन लिपीत लहान-मोठ्या अक्षरांवरून हा भेद कळतो, देवनागरीत दोन्ही ‘एमबी’च होतात. त्यामुळे मराठी कागदपत्रांत मेगाबिट किंवा मेगाबाइट असा पूर्ण शब्द लिहावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. चढवण्याचा वेग १०० मेगाबिट असला आणि तो सतत मिळाला, तरी दोन लाख कोटी बाइट जायला ४४ तासांहून अधिक वेळ लागेल.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रात्री बसून नव्याने मोजणी केली. ८२,००० पानांपैकी ५१,००० पानांवर केवळ काळी शाई आहे, म्हणजे संकोचन न करताही सगळे दप्तर याच डिस्कवर मावते. नोंदवहीत ‘क्षमता २ टेराबाइट, दशमान, म्हणजे दोन लाख कोटी बाइट, विंडोजमध्ये १.८१ दिसते’ असे लिहिले आहे. तेवढ्याच क्षमतेची दुसरी डिस्क घेण्याचा ठराव पुढच्या सभेत मांडतो आहे. ती विट्याला एका सभासदांच्या घरी राहील, तिथवर कृष्णेचे पाणी येत नाही.