कोंड्यातलं लोह आणि खमिराची सवड

पांढऱ्या (मैद्याच्या) ब्रेडपेक्षा अख्ख्या गव्हाच्या ब्रेडमध्ये कॅलरी निम्म्या असतात, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते पटलं नाही. १०० ग्रॅममागे दोन्हीकडे साधारण २५०च. फरक फायबरचा: गव्हाच्या ब्रेडमध्ये ६-७ ग्रॅम, पांढऱ्यात जेमतेम २-३.

गव्हाच्या ब्रेडमध्ये लोह, झिंक जास्त असतं हे खरं, पण ते सगळं अंगी लागत नाही. कोंड्यातलं फायटिक आम्ल ही खनिजं धरून ठेवतं. पीठ आंबट खमिरावर रात्रभर ठेवलं, की त्या आंबटपणात गव्हातलंच फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि खनिजं बरीच मोकळी होतात. झटपट फुगवलेल्या ब्रेडमध्ये तेवढी सवड मिळत नाही. मी रात्रीच भिजवते. सकाळी गोळा सैल, चिकट झालेला असतो, हाताला पाणी लावूनच उचलावा लागतो.