मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे आहेत, काय काय बघावं?

चिखलवाट:
जुनी फोर बाय फोर आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. पाण्यातून गाडी काढली की मागचे ब्रेक बराच वेळ पकडतच नाहीत आणि चिखलानंतर आत नुसती खरखर. दर वेळी ड्रम उघडून धुवायचा कंटाळा आलाय. डिस्क बसवायचं काम घरीच करणार आहे. तयार किट घ्यावा की दुसऱ्या गाडीचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घेऊन ब्रॅकेट बनवून घ्यावं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

तेरा_नंबर_पाना:
किट घ्या, आणि तोही तुमच्याच अॅक्सलसाठी बनवलेला. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर आणि समांतर बसला नाही तर पॅड तिरके झिजतात. शिवाय बॅकप्लेट (ड्रमच्या मागची पत्र्याची तबकडी) काढायची तर बहुतेक गाड्यांत अॅक्सल शाफ्ट बाहेर काढावा लागतो. काही अॅक्सलमध्ये हीच बॅकप्लेट बेअरिंगही जागेवर धरते. तिथे ब्रॅकेटची जाडी वेगळी असली की बेअरिंगचा प्ले (मोकळीक) बदलला. शाफ्ट बाहेर आलाच आहे तर ऑइल सील नवीनच टाका. आणि ऑर्डर करण्याआधी रिम मोजा, लहान रिममध्ये कॅलिपर घासतो.

शांत_क्लच:
हँडब्रेकचं काय ठरवलंय? अर्धे लोक हे शेवटी विचारतात. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) शाफ्टवर असेल तर प्रश्नच नाही. चाकांवर असेल तर लिव्हरवाला कॅलिपर हवा, किंवा डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम असलेला किट. चढावर छोटा ड्रम जास्त भरवशाचा, पण चिखल त्यातही जातो. ब्रेक लाइनमध्ये दाब कोंडून ठेवणारं लॉक हँडब्रेक म्हणून वापरू नका. दाब हळूहळू उतरतो आणि गाडी निघते.

चिखलवाट:
हँडब्रेक चाकांवरच आहे. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) आहे तोच चालेल ना?

तेरा_नंबर_पाना:
खरं काम इथेच आहे, नटबोल्ट कुणीही आवळेल.

बऱ्याच जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनला साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, कधी मास्टर सिलिंडरच्या तोंडातच. तो तसाच ठेवलात तर पॅड डिस्कला घासत राहतील आणि चाक तापेल. काढा. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असेल तरच २ पीएसआयचा लावा.

कॅलिपरला ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा जास्त ब्रेक ऑइल लागतं, म्हणून पेडल खोल जातं. मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर लावला की पेडल वर येतं, पण पायाला जोर लागतो. त्यामुळे मागे लहान पिस्टनचे कॅलिपर बरे.

तिसरं म्हणजे पुढचा-मागचा तोल. फिरता ड्रम आतल्या लायनरला (ड्रमला घासणाऱ्या पट्टीला) स्वतःच ओढून घेतो, डिस्क तसं करत नाही. म्हणजे जुना प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा) नव्या ब्रेकला जुळेलच असं नाही. अॅडजस्टेबल बसवा, मागचा दाब सगळ्यात कमी ठेवून सुरुवात करा आणि मोकळ्या मैदानात हळूहळू वाढवा. कोरड्यात आणि ओल्यात, दोन्हीकडे आधी पुढची चाकं लॉक झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर गाडी गर्रकन फिरते.

लायनरवादी:
थोडं विरोधी मत. थांबण्याचं अंतर कमी होईल म्हणून करणार असाल तर सोडून द्या. ब्रेक मारताना वजन पुढे जातं, बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. अॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधली फट राखणारा भाग) जाम आहे का, व्हील सिलिंडर गळतोय का, हे आधी बघा. बऱ्याचदा 'ड्रम बेकार' म्हणजे 'अॅडजस्टर जाम' इतकंच असतं. पाण्या-चिखलासाठी मात्र डिस्क बऱ्या, फिरता फिरता झटकून टाकतात. अधूनमधून डिस्क आणि डस्ट शील्डच्या फटीत खडा अडकून किंचाळतो, तेवढं सहन करायचं.

चिखलवाट:
कारण पाणी-चिखल हेच आहे. पण अॅडजस्टर आधी उघडून बघतो. तो ठीक निघाला तर छोट्या ड्रमवाला किट.

शांत_क्लच:
कॅलिपर बसवताना हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. डावा-उजवा अदलाबदल झाला की ते खाली जातं आणि मग कितीही पंप मारा, हवा निघत नाही. होज पाइपची लांबी अॅक्सल पूर्ण खाली लोंबकळत ठेवून मोजा. तांब्याचे वॉशर नवीन, ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४. सिलिकॉनवालं डॉट ५ त्यात मिसळू नका. आणि असा बदल तुमच्याकडच्या नोंदणीत आणि विम्यात चालतो का, ते किट मागवण्याआधी विचारून घ्या.