वाढ थांबलीय? अल्कलिनिटी रोज मोजा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत कॅल्शियम ४३० पीपीएम (दहा लाखांत ४३० भाग) असूनही अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं प्रवाळ) वाढत नाही म्हणताय, तर तो आकडा जरा बाजूला ठेवा. सांगाडा बांधताना २० पीपीएम कॅल्शियम खर्च होतं तेवढ्यात अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा; डीकेएच हे तिचं एकक) साधारण २.८ डीकेएच उतरते. ४३० मधले २० सहज कळत नाहीत, म्हणून फरक अल्कलिनिटीतच आधी दिसतो. दोन दिवस डोसिंग (टाकीत कॅल्शियम-अल्कलिनिटीची द्रावणं घालणं) थांबवून ठरावीक वेळी अल्कलिनिटी मोजा. आकडा हललाच नाही, तर प्रवाळ ती वापरतच नाहीये, डोस वाढवून उपयोग नाही.

नायट्रेट-फॉस्फेट (पाण्यातली पोषकं) दोन्ही शून्य आहेत म्हणालात, माझा खरा संशय त्यावरच आहे. प्रवाळ उपाशी असणार. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) कमी चालवा, माशांना थोडं जास्त खायला घाला. आणि फांद्यांची टोकं जवळून बघा: फिकट पण सालीसकट (वरच्या जिवंत आवरणासकट) असतील तर ती वाढतायत, साल जाऊन उघडा सांगाडा दिसत असेल, तर अल्कलिनिटी ७-८ डीकेएचवर हळूहळू आणा.