शब्दचर्चा : किरणोत्सारी की किरण दिलेला?

प्रश्न (सोलापूर) : बाजार समितीत परवा कांद्यावरून वाद झाला. लासलगावला अणुऊर्जा खात्याने २००२ मध्ये केंद्र उभारलं, तिथे कांद्याला गॅमा किरण देतात, त्यामुळे मोड येत नाहीत, असं मी सांगितलं. लगेच एक काका म्हणाले, "म्हणजे किरणोत्सारी कांदा! तो कोण खाणार?" मला उत्तर ठाऊक होतं, शब्द सापडला नाही. मराठीत काय म्हणावं?

निवृत्त शिक्षिका, सोलापूर : दादा, 'उत्सार' म्हणजे बाहेर टाकणं. जो पदार्थ स्वतः किरण बाहेर टाकतो तो किरणोत्सारी. तिथे किरण देणारा धातू, कोबाल्ट-६०, किरणोत्सारी आहे, कांदा नाही. गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात, कोंबाच्या पेशींची वाढ थांबते, एवढंच. त्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; कांद्यातल्या अणूंची केंद्रकं बदलायला ती पुरत नाही. उन्हात वाळवलेला पापड काही ऊन देत नाही.

प्रश्नकर्ता : मग 'विकिरणित' चालेल का, मॅडम?

शिक्षिका : मला तो खटकतो. आपल्या शाळेच्या पुस्तकात विकिरण म्हणजे प्रकाश सूक्ष्म कणांवर आदळून इतस्ततः फेकला जाणं. आकाश निळं दिसतं ते त्यामुळे. उष्णतेच्या धड्यात वहन, अभिसरण, प्रारण असं शिकवतो. तिथला 'प्रारण' हा आपला शब्द. हिंदीत त्यालाच विकिरण म्हणतात आणि तोच आता मराठी बातम्यांत दिसतो. मुलांचा गोंधळ होतो तो इथेच.

बार्शीहून : आमच्याकडे कॅन्सरच्या उपचाराला 'लाइट घेणे' किंवा 'शेक देणे' म्हणतात. आईला शेक सांगितला तेव्हा ती गरम पाण्याची पिशवी येईल म्हणून वाट बघत बसली होती. मशीनखाली झोपायचं आणि उठून यायचं, हे तिला कुणी समजावलंच नव्हतं. घरी आल्यावर आठवडाभर तिने नातीला जवळ घेतलं नाही, अंगातून किरण येतील या भीतीने.

शिक्षिका : फार वाईट वाटलं वाचून. बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगातून काही येत नाही. नातीला खुशाल घ्यावं. मात्र थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडीन-१३१ पोटातून देतात, तेव्हा रुग्ण खरोखर काही दिवस किरणोत्सारी असतो. त्या आयोडीनचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, ८ दिवसांचं, म्हणून डॉक्टर लहान मुलांपासून लांब राहायला सांगतात. 'किरण दिले' आणि 'किरणोत्सारी औषध दिलं' हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत ते यासाठी.

मोहोळहून, शेतकरी : आणि आमच्या शेंगा? 'टॅग २४' म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-ग्राउंडनट. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला वाण. किरणांनी उत्परिवर्तन, म्हणजे आनुवंशिक गुणांत बदल, घडवलेल्या झाडांच्या संकरातून तो आला. पण आज पेरतो त्या बियाण्याला कोणी किरण दिलेले नाहीत, कित्येक पिढ्या उलटल्या. मग याला काय म्हणायचं?

शिक्षिका : 'उत्परिवर्तित वाणापासूनचा'. लांबलचक आहे, पण खरा आहे. 'किरण दिलेल्या शेंगा' मात्र म्हणू नका.

प्रश्नकर्ता : मी बाजारात 'किरण दिलेला कांदा' म्हणेन. हे काकांना कळेल.

बार्शीहून : आईच्या फायलीवर मी आज मोठ्या अक्षरात लिहिलं, 'किरण बाहेरून दिले'. नात आता तिच्याजवळच झोपली आहे.