धुक्यात हेलिकॉप्टर जागच्या जागी थांबवून का ठेवत नाहीत?

कोथरूडकर
२ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात बावधनजवळ हेलिकॉप्टर पडून तिघे गेले. त्या सकाळी धुके होते असे बातम्यांत आले होते. विमानाला पुढे जात राहावेच लागते, हेलिकॉप्टर मात्र हवेत उभे राहू शकते. मग समोरचे दिसेनासे झाले की तिथेच थांबून धुके विरण्याची वाट का पाहत नाहीत? दुसरी शंका: लोहगाव विमानतळाच्या मेटारमध्ये (हवामानाच्या नियमित अहवालात) ५ किमी दृश्यमानता असेल तर व्हीएफआरने, म्हणजे बाहेर बघून उडण्याच्या नियमांनी, मुंबईत जुहूला निघायला काय हरकत आहे?

सायक्लिक
बावधनच्या कारणाबद्दल अंदाज नको. पण प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर उलटे आहे: बाहेरचे सर्वांत जास्त दिसावे लागते ते हॉव्हरलाच, म्हणजे हवेत जागच्या जागी उभे राहताना.

पुढे वेग असताना शेपटीचे स्थिरक पंख हेलिकॉप्टरला थोडेफार सरळ धरतात. हॉव्हरमध्ये ती मदत जाते. पायलट जमिनीवरचे झाड, दगड, हेलिपॅडची कड बघून सायक्लिक (कलण्याची दांडी), कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारी दांडी) आणि पेडल सतत किंचित हलवत असतो. ते संदर्भ पुसले गेले की आपण मागे सरकतोय की डावीकडे, हे कळायला साधन उरत नाही. साधारण ३०-४० नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) खाली वेगदर्शकही भरवशाचा नसतो. म्हणूनच आयएफआर (उपकरणांवर उडण्याचे नियम) प्रमाणित हेलिकॉप्टरांनाही उपकरणांवर उडण्यासाठी किमान वेग ठरवून दिलेला असतो, बऱ्याच मॉडेलना ५० ते ७० नॉटच्या आसपास. जमिनीपासून उंचावर हॉव्हर करायला ताकदही खूप लागते, भरलेल्या हेलिकॉप्टरला तेवढी शिल्लक असेलच असे नाही.

वेग कमी करायचा तो दिसतंय तोवरच. १०० नॉटवर २० अंश कलून मागे वळायला जवळजवळ दीड किलोमीटर रुंदी लागते, ६० नॉटवर साडेपाचशे मीटरच्या आत काम होते. मुळशीकडच्या एखाद्या अरुंद खोऱ्यात हा फरक पुरेसा बोलका आहे.

घाटमाथा
दुसऱ्या शंकेबद्दल. कंट्रोल झोनमधल्या (विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हद्दीतल्या) विमानतळावर व्हीएफआरसाठी दोन अटी आहेत: जमिनीवर ५ किमी दृश्यमानता आणि १५०० फुटांचे सीलिंग, म्हणजे ढगांच्या तळाची जमिनीपासूनची उंची. एकही कमी पडली तर स्पेशल व्हीएफआरचा क्लिअरन्स (नियंत्रकाची खास परवानगी) मागावा लागतो. झोनबाहेर कमी उंचीवर, अनियंत्रित हवाई हद्दीत ढगांपासून ठरावीक अंतराऐवजी ढगाबाहेर राहणे आणि जमीन दिसणे पुरते, दृश्यमानतेची अट मात्र राहते. आंतरराष्ट्रीय नियमांत हेलिकॉप्टरला १५०० मीटरपेक्षा कमी दृश्यमानतेतही मुभा देता येते, अडथळा वेळेत दिसेल इतका वेग असेल तर. 'इतका' म्हणजे किती ते पायलटने ठरवायचे, आणि घोळ तिथेच होतो.

पण मेटार फक्त त्या विमानतळाचा असतो, रस्त्याचा नव्हे. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १९४० फुटांवर, जुहू जवळजवळ समुद्राच्या पातळीला. जुहूला १५०० फुटांवर ढगांचे तळ म्हणजे नियमात बसते. लोणावळा मात्र २००० फुटांच्या वर आहे, म्हणजे घाटाची कड त्याच ढगात बुडालेली. पुण्याच्या बाजूला सीलिंग १५०० फूट धरा, तर ढग समुद्रसपाटीपासून ३४५० च्या आसपास. सिंहगड ४३०० फूट! दोन्ही टोकांचे आकडे ठीक आणि मधला घाट बंद, हे पावसाळ्यात नेहमीचे. त्यात दरीतून आडव्या गेलेल्या उच्चदाबाच्या तारा.

दवबिंदू
हिवाळ्यातले धुके वेगळ्या जातीचे. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही, जमीन रात्रभर थंड होते आणि नदीकाठी, पाषाण-खडकवासल्यासारख्या पाण्याजवळ आधी धरते. तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचाच फरक उरला असेल आणि तो दर मेटारला घटत असेल तर थांबा. सूर्योदयानंतर लगेच ते विरतेच असे नाही, उलट पहिल्या हालचालीत कधी कधी दाट होते.

फसवते ते पातळ धुके. वरून सरळ खाली पाहिले की हेलिपॅड स्वच्छ दिसते. उतरताना नजर तिरकी होते, तोच थर कित्येक पट लांब कापावा लागतो आणि शेवटच्या शंभर फुटांत सगळे नाहीसे होते. तेव्हा लँडिंग लाइट लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

कोथरूडकर
आणि चुकून आत शिरलेच तर?

सायक्लिक
क्रम पाठ हवा. नजर आत, अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर, म्हणजे हेलिकॉप्टर किती कललेय ते दाखवणाऱ्या उपकरणावर. हेलिकॉप्टर सपाट करा. हेडिंग (नाकाची दिशा) तेच ठेवा, समोर डोंगर असल्याचे माहीत असेल तरच वळा. चढाईची पॉवर लावा, मॅन्युअलमधला चढाईचा वेग धरा, ऑटोपायलट असेल तर जोडा. सुरक्षित उंची गाठल्यावरच रेडिओ: मेडे (संकटाची हाक), स्क्वॉक ७७०० (रडारवर दिसणारा आणीबाणीचा कोड), रडारची मदत. जमीन शोधायला खाली घुसायचे नाही.

कानातल्या संतुलनावर विसंबू नका. सेकंदाला दोन अंशांहून हळू वळण कानाला बहुधा कळतच नाही. २६ जानेवारी २०२० चा कॅलिफोर्नियातल्या कॅलाबासासचा अपघात पाहा. सिकोर्स्की एस-७६बी, पायलटकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांवर उडण्याची पात्रता) होते. तो ४००० फुटांपर्यंत चढतोय असे एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगत होता, तेव्हा हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली जात होते. कंपनीचा परवाना फक्त व्हीएफआरचा होता.

घाटमाथा
एक भर. बऱ्याच ठिकाणी निघण्यापूर्वीच आकडा लिहून ठेवतात: नेहमीच्या प्रवासी वेगापेक्षा (क्रूझ) ३० नॉट कमी करावे लागले, किंवा ठरलेल्या किमान उंचीखाली यावे लागले, की चर्चा बंद, माघारी फिरायचे किंवा शेतात उतरायचे. उतरताना तारा नीट पाहा. खांब दिसला की त्याच्या जोडीचा खांब शोधा, मधली तार दिसत नसली तरी आहे असेच धरा. काचेवर वाफ धरत असेल तर डिमिस्टर (काचेवरची वाफ घालवणारे यंत्र) आधीच चालू करा. प्रवाशांच्या सभेची वेळ चुकली तर ते चिडतील, ते मात्र जमिनीवर उभे राहून ऐकायचे.