प्लायला चौकोनी भोकं पाडताना कडा फाटतात, मदत हवी आहे

शहापूरकर: आकाशकंदिलासाठी प्लायला चौकोनी भोकं पाडतोय. ड्रिल मारून करवतीनं चौकोन केला की कडेचा पापुद्रा उचकटतो. दोन तुकडे वाया गेले. वसुबारसेला कंदील टांगायचाय, लवकर सांगा.

निपाणीकर: प्लाय किती जाड? भोक केवढं? हत्यारं कुठली? काहीच सांगितलं नाही की ओ.

खानापूरवाला: जिगसॉ, म्हणजे विजेवरची उभ्या पात्याची करवत, घ्या. मी कपाटाला वायरचं भोक पाडलं, पाच मिनिटांत.

चिकोडी_सुतार: जिगसॉ नको. पात्याचे दात वर तोंड करून असतात, वर येताना कापतात, म्हणून वरचाच पापुद्रा उडतो.

खानापूरवाला: मग मागच्या बाजूनं आखून कापायचं. मागं कोण बघतंय?

शहापूरकर: मागं जिलेटिन चिकटवायचंय, तीही बाजू साफ हवी. प्लाय ३ मिमी, भोक १२ मिमीचं, एकेका बाजूला १६, अशा चार बाजू. घरात ड्रिल, कटर, वडिलांच्या लाकूड कोरायच्या पटाश्या आहेत.

येळ्ळूरचा: प्लाय कशाला? कामट्या आणि पतंगी कागद घ्या. आमच्या गल्लीत यंदा पोरं दिवाळीचा किल्ला म्हणून राजहंसगड करताहेत, तटाला लाल माती कुठं मिळेल?

निपाणीकर: आत एलईडीच लावा. साध्या बल्बनं जिलेटिन आक्रसतं.

अनगोळकर: उद्यमबागेत लेझरवाल्याला द्या, मोकळे व्हा.

शहापूरकर: लेझर नको. मुलगा शेजारी बसून आखून देतोय, घरीच करायचंय.

चिकोडी_सुतार: मग पटाशीच. १२ मिमीची असेल तर भोकाची एक बाजू म्हणजे पटाशीची एक रुंदी. गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून दोन्ही अंगांनी आखा, रेषेवर कटर दोन-तीनदा फिरवा. वरच्या थराच्या रेषांना आडवं कापताना पापुद्रा सुटतो, तिथं जास्त दाबून. खाली टाकाऊ फळी घट्ट आवळा, मधोमध ८ मिमीचं ड्रिल मारा. मग पटाशी उभी, सपाट अंग रेषेला, उतार भोकाकडे. निम्म्यापर्यंत ठोका, उलटा करा, उरलेलं त्या अंगानं.

खानापूरवाला: ६४ भोकं अशी? दिवाळी जाईल.

चिकोडी_सुतार: जाऊ दे की. कडा तरी फाटणार नाहीत.

शहापूरकर: आत्ता सहा पाडली. पाच अगदी काटकोनात, मागूनही साफ. सहाव्याला कटर फिरवायचं विसरलो, तिथंच नखाएवढा पापुद्रा गेला.

चिकोडी_सुतार: तो टाकू नका. फेव्हिकॉल लावून तिथंच बसवा, वर चिकटपट्टी, रात्रभर ठेवा. आणि दर आठ-दहा भोकांनी पटाशीला धार.

येळ्ळूरचा: लाल मातीचं सांगा कुणीतरी.